नवऱ्यामागून नव्हे, स्वतःहून

नाशिकजवळच्या जलालपुरात १८६८ मध्ये गोखल्यांच्या घरी मनकर्णिका जन्मली. तीच पुढची लक्ष्मीबाई टिळक. वडिलांचे सोवळे इतके कडक, की घरात येणारे मीठसुद्धा धुतले जाई. ते धुण्याचे कष्ट अर्थातच बायकांच्या वाट्याला. आपला स्पर्श ही संशयाची गोष्ट आहे, हे अशा घरातल्या मुलीला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक कवी होता आणि मनात येईल तेव्हा घर सोडून जाणारा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नवरा जाईल तिकडे बायकोने जावे, हा रिवाज; पण लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. लहानग्या मुलाला, दत्तूला (देवदत्तला) घेऊन त्या वेगळ्या राहिल्या, पंढरपुरात नातलगांकडे दिवस काढले. पुढे टिळकांकडे नगरला आल्या तेव्हाही सोवळे सोडले नाही. जाती देवाने नव्हे, माणसाने केल्या, हे त्यांना पटले ते स्वतःच्या विचाराने. मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यात त्यांना अडचण वाटेना. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये राहुरीला.

मला ही मधली पाच वर्षे फार मोलाची वाटतात. श्रद्धेने बाईला आत्मसन्मान दिला असे आपण सहज म्हणतो, पण इथे आत्मसन्मान आधीच कामाला लागला होता. 'मला पटेल तेव्हाच' एवढे म्हणण्याची ताकद त्यांच्यात होती, आणि नव्या धर्माने त्या ताकदीला जागा दिली. मोठ्या माणसाला बाप्तिस्म्यासाठी स्वतः उभे राहून कबुली द्यावी लागते. नवऱ्याची कबुली बायकोला चालत नाही. ज्या बाईला लग्नासाठीसुद्धा कोणी विचारले नव्हते, तिला देवासमोर आपल्या तोंडाने बोलायचे होते.

नव्या धर्माने अशी जागा आणखी कोणाकोणाला दिली, याचे एक उदाहरण नाशिकचे शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये ही वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलेमुलीही तिथे वाढली. ज्यांना कुळ नाही, गाव नाही, अशांना तिथे आसरा होता आणि शिक्षण होते. महाराष्ट्रातल्या मिशनांत 'बायबल बाई' हे पगारी काम होते: घरोघर जायचे, बायकांत बसून वाचून दाखवायचे, वाचायला शिकवायचे. पगार तुटपुंजा असे. पण दलित कुटुंबातली बाई हातात पुस्तक घेऊन दारात उभी राहते आणि घरातल्या बायका तिचे ऐकतात, हे दृश्य गावाने त्याआधी क्वचितच पाहिले असेल.

चर्चमध्ये सगळे बरोबरीचे झाले असे मात्र नाही. मिशनचा कारभार दीर्घकाळ गोऱ्या पुरुषांच्या हाती होता, जात अनेक ठिकाणी लग्न जुळवताना पुन्हा डोके वर काढी, आणि कॅथलिक स्त्रीला आजही धर्मगुरू होता येत नाही. देवाच्या प्रतिमेत स्त्री आणि पुरुष दोघेही घडले, हे बायबलच्या पहिल्याच अध्यायात आहे. तरीही चर्चमधल्या बाईला आपल्या बरोबरीसाठी अजून भांडावे लागते, आणि त्या भांडणात तिचा आधारही तोच अध्याय असतो. मला हे भांडण श्रद्धेविरुद्धचे वाटत नाही. ते श्रद्धेतूनच निघालेले आहे.

पुन्हा लक्ष्मीबाईंकडे वळू. त्यांना लिहावाचायला टिळकांनी शिकवले, तेही लग्नानंतर. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य जेमतेम सुरू झालेले होते. ज्या बाईने शाळा पाहिली नव्हती, तिने त्यात ६४ अध्यायांची भर घातली. त्यांच्या आत्मकथेची, 'स्मृतिचित्रे'ची सुरुवातही टिळकांसाठीच झाली: मुलगा देवदत्त यांना वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. लक्ष्मीबाई लिहू लागल्या आणि नवऱ्याचा राग, स्वतःची फजिती, उपासमार, सगळे न लपवता लिहीत गेल्या. टिळकांवर त्यांचे प्रेम होते, पण त्यांना देव केले नाही. पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकमध्ये लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा ते अपुरे होते. शेवट देवदत्त यांनी पुरा केला.