डायलिसिस आणि रक्तदाब : गोळ्यांपूर्वी मिठाचा विचार

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचा रक्तदाब वाढला की घरची मंडळी प्रथम नव्या गोळीची चौकशी करतात. वास्तविक, डायलिसिसवरील बहुसंख्य रुग्णांत या वाढीचे मुख्य कारण शरीरात साठलेले मीठ व पाणी हे असते. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास राबतात. यंत्राला मात्र तीन वेळा मिळून जेमतेम १२ तास मिळतात.

मार्च १९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी क्लाइड शील्ड्स या रुग्णावर दीर्घकालीन डायलिसिस सुरू केले. त्याचा अतितीव्र रक्तदाब आटोक्यात आला तो मिठावरील बंधनाने आणि यंत्राद्वारे जादा पाणी काढून. पुढे तो ११ वर्षे जगला.

ज्या वजनाला अंगावर सूज नाही, धाप नाही आणि पेटके वा भोवळही येत नाही, त्यास ‘कोरडे वजन’ म्हणतात. ते काही आठवड्यांत हळूहळू गाठावे लागते. शिवाय ते कायमचे नसते. आजारपणात अंगावरचे मांस झडते, त्याची जागा पाणी घेते आणि काटा जुनाच आकडा दाखवितो! म्हणून डॉक्टरांनी ते वरचेवर तपासणे अगत्याचे ठरते.

सुमारे ८ ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवते. खारट खाल्ल्यावर तहान लागणारच. तेव्हा मीठ न तोडता केवळ पाणी तोडावयास सांगणे हा रुग्णाचा छळच होय. दिवसाकाठी मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे. त्यात पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही आले. बाजारातील ‘कमी सोडियम’चे मीठ मात्र या रुग्णांनी घेऊ नये. त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि ते रक्तात वाढल्यास हृदय बंद पडू शकते.

दोन डायलिसिसच्या दरम्यान फार पाणी साठले तर ते घाईने काढावे लागते. मग दाब एकाएकी उतरतो, पेटके येतात. अशा वेळी डायलिसिसचा अवधी वाढविणे अधिक हितावह असते.

एवढे करूनही दाब चढाच राहिल्यास औषधे आवश्यकच असतात. अटेनोलॉलसारखे औषध डायलिसिसमध्ये रक्तातून निघून जाते, अॅम्लोडिपिन जात नाही. म्हणून कोणती गोळी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांनीच ठरवावे. घरी मोजलेल्या दाबाची नोंद त्यांना दाखवावी. फिस्टुला असलेल्या हातावर मात्र दाब कधीही मोजू नये.