भाग १७ : इंजिनाचा ढेकर आणि तेलाचा डबा



मागच्या भागात टर्बोचार्जर झाला. आज त्याच्या शेजारून जाणाऱ्या एका साध्या रबरी नळीबद्दल बोलू. गाडी विकत घेताना ती कुणी पाहत नाही, सर्व्हिसिंगला देताना कुणी विचारत नाही, आणि बिघडली की इंजिन उतरवायची वेळ येते. माझ्यावर आली होती, ते पुढे सांगतोच.

मी राहतो चेन्नईत, एग्मोरला. घरातून निघालं की थोड्या वेळात पुदुपेट्टै येतं. कूवम नदीच्या कडेची ही वस्ती म्हणजे जुन्या गाड्यांचं माहेर आणि स्मशान, दोन्ही. दारं एकावर एक रचलेली, फुटपाथवर गिअरबॉक्स, दोरीला टांगलेले आरसे. आमच्या सौभाग्यवतींचं ठाम मत आहे की निवृत्तीनंतर एग्मोरचं घर मी या बाजारासाठीच पसंत केलं. त्यात तथ्य नाही असं शपथेवर सांगणार नाही.

तर या बाजारात हल्ली लाल-निळे चकचकीत अॅल्युमिनियमचे डबे टांगलेले दिसतात. ऑइल कॅच कॅन. पुण्याहून माझ्या भाच्याचा फोन आला, "मामा, तुमच्या तिकडे स्वस्त मिळतो म्हणे. माझ्या टर्बो पेट्रोलला बसवू का? सगळे बसवतायत." मी त्याला म्हटलं, "आधी तुझं इंजिन श्वास कसा घेतं ते समजून घे, मग डब्याचं बघू." तेच आज तुम्हालाही सांगतो.

पिस्टनला कितीही चांगल्या रिंगा असल्या तरी जळणाऱ्या वायूचा थोडा भाग रिंगांच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. इंग्रजी पुस्तकात त्याला ब्लो-बाय म्हणतात, आपले मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. नव्या इंजिनात तो थोडा असतो, झिजलेल्यात जास्त. त्यात न जळलेलं इंधन असतं, काजळी असते आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. बहुतेक सगळं सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडं खाली उतरतंच. क्रँकशाफ्ट तिथे तेल घुसळत असते, त्यामुळे या वायूत तेलाचे बारीक थेंबही मिसळतात. हा सगळा ढेकर बाहेर काढावाच लागतो. नाही काढला तर आतला दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमजोर जागेतून, म्हणजे ऑइल सीलमधून, वाट काढतं.

पूर्वी सोपं होतं. इंजिनाच्या पोटातून एक पाईप खाली रस्त्याकडे सोडलेला असे. गाडी धावली की हवेच्या ओढीने वायू बाहेर. जुने ट्रक उभे राहत तिथे जमिनीवर तेलाचा काळा ठिपका पडायचा, तो याच ब्रीदरचा. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे खोल पाण्यातून न्यायची वेळ आली, तेव्हा या उघड्या पाईपमधून पाणी आत शिरण्याचा धोका उभा राहिला. त्यातून बंद पद्धत आली : ढेकर बाहेर न सोडता इंजिनाच्याच हवेच्या वाटेत परत द्यायचा आणि जाळून टाकायचा. पुढे लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास झाला. गाडीतून हवेत जाणाऱ्या हायड्रोकार्बनचा सुमारे चौथा-पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून येतच नाही, तो या ब्रीदरमधून येतो, असं दिसलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात आणि मग सगळ्या अमेरिकेत गाड्यांना पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. रणगाड्यातली युक्ती अशी घरच्या गाडीत आली. फौजी माणसाला याचं थोडं बरं वाटतं.

आता टर्बोचा पेच बघा. साध्या पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, विशेषतः गाडी आयडलवर असताना. ती ओढ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून क्रँककेसचा वायू खेचून घेते. टर्बो इंजिनातही आयडलला हेच घडतं. पण तुम्ही घाटात पाय दाबला की टर्बो हवा दाबून भरू लागतो, आणि जिथे ओढ होती तिथेच उलटा दाब येतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह एकतर्फी असल्याने बंद होतो. बॅक कॉम्प्रेशन नेमकं याच वेळी सर्वांत जास्त असतं. म्हणून अशा इंजिनाला दुसरी वाट दिलेली असते : टॅपेट कव्हरवरून निघून एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाईपला मिळणारी. टर्बो तिथून हवा ओढतो, तिच्याबरोबर ढेकरही ओढतो. डिझेलमध्ये मॅनिफोल्डला तशी ओढ नसतेच, म्हणून बहुतेक टर्बो डिझेलना ही एकच वाट.

या दोन वाटांमुळे बिघाडही दोन तऱ्हेचे. एकतर्फी व्हॉल्व्ह गळू लागला तर टर्बोचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो, आणि गुन्हा नसताना सील मार खातात. दुसऱ्या वाटेने तेलाचे थेंब टर्बोतून इंटरकूलरमध्ये जाऊन तळाशी साचतात. इंटरकूलरच्या होजला आतून बोट लावून बघा, थोडा तेलकटपणा जवळजवळ प्रत्येक टर्बो गाडीत मिळेल. घाबरू नका. पण होज उलटा केल्यावर तेल ओघळलं तर दुर्लक्षही करू नका. डिझेल इंजिनाला तेलसुद्धा इंधनच. साचलेलं तेल एकदम ओढलं गेलं तर इंजिन स्वतःचं तेल पिऊन बेफाम पळतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. असा प्रसंग आलाच तर हाताच्या गिअरच्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन मारायचं. बॉनेट उघडून आत डोकं घालायचं नाही.

पेट्रोलमध्ये आणखी एक भेद लक्षात घ्या. आमच्या चेन्नईच्या आसपासच याची दोन्ही उदाहरणं तयार होतात. ओरगडमला बनणाऱ्या निस्सान मॅग्नाइटचं एक लिटर टर्बो इंजिन पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारतं. ह्युंदाईचं एक लिटर टर्बो जीडीआय थेट सिलिंडरमध्ये फवारतं. पहिल्यात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्ह धूत राहतं. दुसऱ्यात व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही, त्यामुळे तेलाची वाफ त्यावर बसून कोळशासारखा थर होऊ शकतो. कॅच कॅनच्या बाजूने सर्वांत दमदार मुद्दा हाच आहे. पण हा थर काही प्रमाणात व्हॉल्व्ह गाईडमधून उतरणाऱ्या तेलाचाही असतो, आणि ते कुठल्याच डब्यातून जात नाही. डबा थर कमी करेल, शून्य करणार नाही. विक्रेता शून्य म्हणाला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

हा डबा मुळात शर्यतीच्या मैदानावरचा. इथून जवळच इरुंगाट्टुकोट्टैला ट्रॅक आहे. शर्यतीच्या गाडीचा ब्रीदर उघडा असेल तर त्यातलं तेल डब्यात जमा झालंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे : दोन लिटरपर्यंतच्या इंजिनाला किमान दोन लिटरचा डबा, त्यावरच्याला तीन लिटरचा. हेतू इंजिनाचं भलं हा नव्हताच. ट्रॅकवर तेल सांडून मागचा गडी घसरू नये, एवढाच होता.

आता माझी फजिती. माझ्याकडे जुनी डिझेल एसयूव्ही होती, एक लाख किलोमीटर उलटून गेलेली. इंटरकूलरचा होज ओला दिसला. उत्साहाने एक डबा आणला. ब्रीदरचा होज अंगठ्याएवढा जाड, डब्याची तोंडं करंगळीएवढी. दुकानदाराने कमी करणारा जोड लावून दिला आणि आत भांडी घासायची तारेची जाळी कोंबली. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये जवानांना "आधी मोजा, मग उघडा" सांगणारा माणूस मी, काहीही न मोजता बॉनेट बंद करून घरी आलो. त्यात होजला मध्ये झोळ राहिला होता. पावसाळ्याचे दिवस, गाडी रोज जेमतेम तीन-चार किलोमीटर धावायची, इंजिन पुरतं तापायचंच नाही. झोळात तेल-पाण्याचा पांढरा लोण्यासारखा गोळा बसला आणि वाट बंद झाली. दोन महिन्यांत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून तेल ठिबकू लागलं. मागचं ऑइल सील गेलं होतं. सील स्वस्त, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

लडाखात मी हे पाहिलेलं होतं हो! हिवाळ्याच्या पहाटे ट्रकच्या ब्रीदरच्या तोंडाशी वाफेचा बर्फ व्हायचा आणि डिपस्टिक वर उचलली जायची. तोच धडा चेन्नईच्या उकाड्यात पुन्हा शिकलो, पैसे भरून.

पुदुपेट्टैतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने डबा हातात घेतला, तोंडात बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "सार, इदु वेंडाम." म्हणजे साहेब, हे नको. मग त्याने टॅपेट कव्हर उघडलं. कारखान्यानेच त्यात तेल वेगळं करणारी चाळण आणि रबराचा पडदा दिलेला असतो. माझा पडदा फाटला होता आणि चाळण गच्च भरली होती. मूळ दुखणं ते. ते बदललं आणि होज कोरडा राहू लागला.

म्हणून भाच्याला सांगितलं ते असं. इंजिन गरम करून आयडलवर ठेव, तेल भरायचं झाकण काढ आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा पक्का बसव. पेट्रोल गाडीत मोजा हलकेच आत ओढला गेला तर श्वास ठीक आहे. फुगून उभा राहिला तर वाट तुंबली आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. झाकण उघडताच शिट्टी वाजली आणि मोजा जोरात आत गेला तर पडदा फाटला आहे. झाकण काढल्यावर इंजिन थोडं अडखळतं, ते बिघाडाचं लक्षण नव्हे. डिझेलमध्ये थोडी फुंकर येणं स्वाभाविक. आकडाच हवा असेल तर डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक नळी जोडून तिचा यू आकार करायचा आणि त्यात पाणी भरायचं. पाण्याच्या पातळीत एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळपास एक मिलिबार. ही तपासणी फुकट आहे, आणि रिंगा झिजल्या असतील तर डबा लावून त्या भरून येत नाहीत.

हे सगळं ठीक असेल आणि थेट फवाऱ्याचं इंजिन असेल, तर डबा लावायला माझी हरकत नाही. तोंडं मूळ होजएवढीच हवीत. आत हवेला वळसे घालायला लावणारे पडदे हवेत, म्हणजे थेंब भिंतीला आपटून खाली पडतात. होज तेल सोसणारा घ्या, पाण्याचा होज तेलाने फुगतो. डबा टर्बोपासून लांब, गार जागी आणि होजला कुठेही झोळ नको. डब्यावर छोटा फिल्टर लावून वायू बाहेर सोडणारा प्रकार मात्र रस्त्यावरच्या गाडीला नकोच. पेट्रोल गाडीचा क्रँककेस वायू हवेत सोडायला भारत स्टेज नियमांत परवानगी नाही, आणि उघड्या राहिलेल्या तोंडातून न मोजलेली हवा आत गेली की इंजिनाचा दिवा पेटतो. वॉरंटी चालू असेल तर आधी डीलरकडून लेखी विचारून घ्या.

आणि डबा रिकामा करायची तारीख डायरीत लिहा. सुरुवातीला दर हजार किलोमीटरला उघडा. त्यात निघालेलं पातळ, आंबट वासाचं तेल इंजिनात परत ओतू नका, त्यात पाणी आणि पेट्रोल असतं. गटारातही नको. आमच्या कूवमने आधीच पुष्कळ सोसलंय. गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या.

परवा भाच्याचा फोटो आला. पिवळा हातमोजा, झाकणाच्या तोंडात अर्धा इंच आत ओढलेला. खाली लिहिलं होतं, "मामा, डबा नको. मोज्याचे पैसे मात्र आईने माझ्याकडून घेतले."