बसून खाणारी म्हातारी असतात कुठे?

बांबवड्याच्या चहाच्या टपरीवर, मलकापूरच्या बाजारात, एसटीत, कुठेही जा. शाहूवाडी तालुक्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘घरात दोन म्हातारी माणसं हायती, बसून खात्यात.’ बोलणारा बहुधा सुट्टीवर आलेला असतो, मुंबईहून नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीतून. तो हे बोलत असतो तेव्हा त्याची आई गोठ्यात शेण काढत असते.

बसून म्हणजे नेमकं काय करून? 2011च्या जनगणनेत ग्रामीण भारतातले साठीपुढचे 66 टक्के पुरुष आणि 28 टक्के बायका काम करणाऱ्यांत मोजल्या गेल्या. शहरात हेच प्रमाण पुरुषांचं 46 आणि बायकांचं 11 टक्के. म्हणजे म्हातारपणी बसायची सोय थोडीफार असलीच तर ती शहरात, खेड्यात नाही. त्यात बायकांच्या 28 टक्क्यांवर माझा तरी विश्वास नाही. पहाटे धार काढायची, बरणी घेऊन दूध संस्थेत जायचं, फॅट लावून घ्यायची, आल्यावर वैरण कापायची, नातवंडाला शाळेत सोडायचं, पावसाळ्यात तरवा काढायला वाकायचं. एवढं करून दहा दिवसांचं दूध बिल मुलाच्या खात्यावर जमा होतं आणि घरी मोजणीला आलेल्या माणसाला मुलगाच सांगतो, ‘आई काय करत न्हाई, घरातच असती.’ तालुक्याच्या पश्चिम भागात गव्यापासून भात राखायला रात्री शेतावर कोण जातं, तेही एकदा जाऊन बघावं. तरणी पोरं शहरात गेलेल्या वाड्यांमध्ये शेती चालते ती या ‘बसून खाणाऱ्यां’च्या जिवावर.

हा गैरसमज टपरीवरच राहिला असता तर एवढं मनावर घेतलं नसतं. पण अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो सुटाबुटात बसलाय. तिथे त्याचं नाव वृद्ध अवलंबन गुणोत्तर: 15 ते 59 वयाच्या दर शंभर माणसांमागे साठीपुढचे किती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या अहवालानुसार देशात 1961 साली ते 10.9 होतं, 2021 साली 15.7 झाल्याचा अंदाज आहे. लोकसंख्या कुठे चालली आहे हे कळायला आकडा कामाचा आहे. मात्र तो फक्त वय विचारतो, कामाचं विचारत नाही. त्याच्या हिशेबात चिखलात रोप लावणारी बासष्टीची बाई पोसली जाणारी, आणि एमपीएससीच्या पाचव्या प्रयत्नाला बसलेला तिचा नातू पोसणारा!

आता कुणी लगेच म्हाताऱ्यांच्या जिद्दीचे गोडवे गाऊ नयेत. सत्तरीत उसाचा पाला डोक्यावर वाहणं ही बहुतेकांची हौस नसते; थांबलं तर खायचं काय, हा प्रश्न असतो. राज्याच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला 50. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 60 ते 79 वयाला केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये. तेव्हा ‘पेन्शन वाटून सरकार बुडणार’ म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा दोनदा वाचावा.

खरी अडचण पुढे आहे. गुडघे गेले, दिसेनासं झालं, अर्धांगवायूचा झटका आला, की राबणारं माणूस एका दिवसात अंथरुणाला खिळतं आणि त्याची सेवा करायला वाडीत उरतं कोण? दुसरं म्हातारं. जपानने 2000 साली सेवा-शुश्रूषेचा वेगळा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागतो. पण आपल्याकडे, जिथे बहुतेकांना पगारपत्रकच नाही तिथे, हप्ता कापायचा कशातून? आपल्याला केरळकडून शिकण्यासारखं जास्त आहे. तिथे 2008 साली राज्याने परिहार सेवेचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं, धोरण आणलं. स्थानिक पंचायत, परिचारिका आणि गावातले स्वयंसेवक मिळून अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जातात, जखम धुतात, नळी बदलतात, घरच्यांना कूस कशी बदलायची ते शिकवतात. आंबा घाटाजवळच्या सुट्या सुट्या वाड्यांना मोठ्या वृद्धाश्रमाच्या इमारतीपेक्षा अशी फिरती परिचारिका हवी आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘हे सगळं जपान-अमेरिकेचं, आपला देश तरुण आहे.’ महाराष्ट्रात 2021 साली साठीपुढचे सुमारे 11.7 टक्के होते, 2031 साली 15 टक्के होतील असा सरकारचाच अंदाज आहे. ‘आयुष्य वाढलं म्हणून म्हातारे वाढले.’ निम्मंच खरं. लोकसंख्येतला त्यांचा वाटा वाढतो तो मुख्यतः मुलं कमी झाल्याने. कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं 1992-93 साली 2.9 होती, 2019-21 साली 1.7. ‘एसटी फुकट केली म्हणून म्हातारी गावभर हिंडतात.’ पंचाहत्तरीनंतरचा तो प्रवास बँकेत, दवाखान्यात आणि तहसीलला संपतो. ‘वय झालं की विसरायचंच.’ चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं, घरची वाट विसरणं हा आजार, डॉक्टरला दाखवा.

शेवटचा गैरसमज महागात पडतो: ‘जमीन एकदा पोराच्या नावावर केली की काही करता येत नाही.’ 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या 23व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, वकिलाची सक्ती नाही. काही विचारायचं असेल तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा फोन नंबर मोफत आहे. पण बक्षीसपत्र करताना सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या. तोंडी कबुलीवर अंगठा उठवू नका.