औषध आणले, पण वाचून कोण दाखवणार?

हे पान तुम्ही वाचता आहात. पण तुमच्याच घरात असे कोणी असेल, की तुम्ही वाचून दाखवाल तेव्हाच ज्याच्या कानावर हे पडेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सात वर्षांवरील बायकांपैकी शंभरात सुमारे चोवीसजणी निरक्षर निघाल्या. त्यांत वयस्कर अधिक. आणि गोळ्या-औषधे जास्त लागतात तीही म्हातारपणीच.

दवाखान्यात डॉक्टर घाईने सांगतात, आजी मान हलवतात. 'समजले नाही' म्हणायची लाज वाटते. चिठ्ठीवर १-०-१ असे असते. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ज्याला आकडाच येत नाही तो गोळी रंगावरून ओळखतो. पुढच्या महिन्यात दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची तीच गोळी दिली, रंग बदलला, की ती नवे औषध समजून जुन्याबरोबर घेतली जाते. साखरेची गोळी अशी दुप्पट पोटात गेली तर माणूस घामाघूम होऊन पडतो. शिवाय पट्टीवरची अक्षरे बहुधा इंग्रजी. म्हणजे मराठी चौथी शिकलेलाही तिथे निरक्षरच!

लहान मुलांच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. तापावरचे पॅरासिटामॉल तान्ह्यासाठी थेंबांच्या बाटलीत मिळते, मोठ्या मुलांसाठी पातळ औषधाच्या बाटलीत. थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलीलीटरला १०० मिलीग्रॅम औषध असते, तर पातळ औषधात बऱ्याचदा पाच मिलीलीटरला १२५. म्हणजे थेंब चौपट तेज. तेच चमच्याने पाजले तर काय होईल, तुम्हीच ताडा. हगवणीवरच्या जलसंजीवनीचेही तसेच. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, लहान पुडी २०० मिलीलीटर पाण्यात. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो.

शेतातल्या औषधाचे काय? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीस-एक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती, सगळा दोष निरक्षरतेचा नव्हे. पण डब्यावरची सूचना इतक्या बारीक अक्षरांत असते, की शिकलेलाही वाचत नाही. एक खूण मात्र अक्षराविना कळते. डब्यावरच्या चौकटीत खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा : लाल म्हणजे जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा दिसला की निर्धास्त होऊ नका. तेही विषच आहे.

बायकांची अडचण आणखी वेगळी. अंगावरून जाण्याची, गर्भाशयाची तक्रार असली की ती चिठ्ठी मुलाकडून किंवा नातवाकडून कशी वाचून घ्यायची? मग कागद ट्रंकेत राहतो आणि दुखणे अंगावर. ऑपरेशनच्या कागदावर अंगठाही अशीच उमटवते. कशाला संमती दिली, ते तिला कोणी सांगत नाही.

निरक्षर माणसाला डोके नसते, असे मात्र कोणी समजू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावच्याच बायका आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर. त्या बाळंतपण, हगवण, कुष्ठरोग यांविषयी शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. अंगठेबहाद्दर म्हणून हिणवणाऱ्यांनी त्यांचे काम पाहायला हवे होते.

तेव्हा औषधाच्या दुकानात संकोच सोडा. 'कशाची गोळी, केव्हा घ्यायची, ते मराठीत लिहून द्या' असे म्हणा. घरी आल्यावर सकाळच्या पट्टीवर सूर्य आणि रात्रीच्या पट्टीवर चंद्र काढा. मग आजींना म्हणा, 'आता तुम्हीच मला सांगा, कोणती केव्हा घ्यायची?' नुसते 'कळले का?' विचारू नका. कोणीही 'हो' म्हणतो. पुढच्या खेपेला उरलेल्या आणि संपलेल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून दवाखान्यात न्या.

पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ साली 'उल्लास' हा साक्षरता कार्यक्रम सुरू झाला. गावच्या शाळेत गुरुजींना त्याबद्दल विचारा. आणि वर्ग सुरू होईपर्यंत संध्याकाळी सासूबाईंजवळ पाटी घेऊन बसा. आधी १ ते १० आकडे आणि त्यांचे स्वतःचे नाव शिकवा, बाराखडी मागून येईल. पुढच्या वेळी दवाखान्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी 'यात काय लिहिले आहे?' असे त्यांनाच विचारू द्या.