जलहानी पुनर्स्थापन तंत्रज्ञांचे प्रशिक्षण व प्रमाणन

जलहानी पुनर्स्थापन तंत्रज्ञ म्हणजे नळ फुटणे, छत गळणे, सांडपाणी तुंबणे किंवा पूर येणे यांमुळे भिजलेली इमारत व तीतील वस्तू वाळवून पुन्हा वापरण्याजोग्या करणारा प्रशिक्षित कामगार. स्वतंत्र व्यवसाय म्हणून हे काम प्रामुख्याने अमेरिकेत रूढ झाले. तेथील घरे बहुधा लाकडी सांगाड्याची असतात आणि आतील भिंती कागदाचे अस्तर असलेल्या जिप्समच्या तक्त्यांच्या असतात. असा तक्ता टिपकागदाप्रमाणे पाणी वर ओढतो व भिंतीच्या पोकळीत ओल साचून राहते. बुरशी टाळावयाची असेल तर भिजलेले साहित्य २४ ते ४८ तासांत वाळवावे, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मार्गदर्शन आहे. या अवधीत कोणती भिंत ठेवावी आणि कोणती कापून काढावी याचा निर्णय तंत्रज्ञास घ्यावा लागतो. तो चुकल्यास एक तर घरमालकाचा नाहक खर्च होतो, नाही तर वरून कोरड्या दिसणाऱ्या भिंतीमागे बुरशी वाढून रहिवाशांना श्वसनाचा त्रास होऊ शकतो.

प्रमाणन संस्था व मानक

या क्षेत्रातील सर्वाधिक परिचित प्रमाणन आयआयसीआरसी या ना-नफा संस्थेचे आहे. तिची स्थापना १९७२ साली झाली. आरंभी तिचा संबंध केवळ गालिचे व गादीकाम यांच्या स्वच्छतेशी होता. भिजलेले गालिचे वाळविणाऱ्यांकडेच पुढे भिजलेली घरे वाळविण्याचे काम आले, हे पाहता हा विस्तार स्वाभाविक म्हणावा लागेल. संस्था स्वतः वर्ग चालवीत नाही. मान्यताप्राप्त शाळा व प्रशिक्षक शिकवितात आणि परीक्षा संस्थेची असते.

अभ्यासक्रमाचा आधार ‘एस-५००’ हे मानक आहे. ते प्रथम १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याची पाचवी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. या ग्रंथातील क्रियापदे काळजीपूर्वक योजलेली आहेत. कायद्याने बंधनकारक असलेली कृती, व्यवसायात अपेक्षित असलेली कृती आणि केवळ सुचविलेली कृती यांसाठी तीन वेगवेगळे शब्दप्रयोग ठरवून दिले आहेत. विमा कंपनीशी वाद उद्भवल्यास हाच भेद कळीचा ठरतो. त्यामुळे विद्यार्थ्याने आकृत्यांइतकेच व्याकरणाकडेही लक्ष द्यावे हे बरे.

प्राथमिक अभ्यासक्रम

डब्ल्यूआरटी हा पायाभूत वर्ग साधारणतः तीन दिवसांचा असतो. त्यासाठी कोणत्याही पूर्वपरीक्षेची अट नाही. त्यात प्रथम पाण्याच्या दूषिततेनुसार तीन प्रकार शिकवितात. स्वच्छ पुरवठ्याच्या नळाचे पाणी पहिल्या प्रकारात, कपडे वा भांडी धुण्याच्या यंत्रातून सांडलेले दुसऱ्यात, तर मैलापाणी व नदीच्या पुराचे पाणी तिसऱ्यात मोडते. प्रकार कायम राहत नाही. नळाचे स्वच्छ पाणी उबदार खोलीत काही दिवस साचले, तर ते खालच्या प्रतीत जाते. तिसऱ्या प्रकारच्या पाण्याने भिजलेला गालिचा वाळवून पुन्हा अंथरू नये, तो टाकूनच द्यावा, हा नियम ग्राहकांना जड जातो. तरीही तो सांगणे हे तंत्रज्ञाचे कर्तव्यच आहे.

दुसरे वर्गीकरण ओलीच्या व्याप्तीचे आहे. खोलीतील जमीन, भिंती व छत यांच्या एकूण पृष्ठभागापैकी किती सच्छिद्र भाग भिजला यावरून पहिले तीन वर्ग ठरतात : ५ टक्क्यांहून कमी, ५ ते ४० टक्के आणि ४० टक्क्यांहून अधिक. चौथा वर्ग टक्केवारीवर अवलंबून नसून टणक लाकूड, वीट, काँक्रीट यांसारख्या द्रव्यांत खोलवर मुरलेल्या पाण्याचा आहे. भारतातील विटा-सिमेंटच्या घरांना हे शास्त्र लावावयाचे झाल्यास बहुतेक वेळा हा चौथा वर्गच विचारात घ्यावा लागेल.

नवशिक्यांना सर्वांत कठीण वाटतो तो हवेतील बाष्पाचा भाग. सापेक्ष आर्द्रता हा आकडा एकटा फसवा असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाची व ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा ३० अंशांपर्यंत तापविली, तर आर्द्रता सुमारे ३३ टक्के दिसते. प्रत्यक्षात हवेतील पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो. म्हणून तंत्रज्ञ हवेतील बाष्पाचे प्रत्यक्ष वजन मोजतो. अमेरिकेत ते एक पौंड कोरड्या हवेमागे ‘ग्रेन’ या एककात सांगतात (७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड). पंख्यांनी ओल भिंतीतून हवेत येते. ती हवेतून काढून घेण्यास आर्द्रताशोषक यंत्र लागते. नुसते पंखे लावल्यास एका खोलीतील ओल दुसऱ्या खोलीत जाते, एवढेच.

उपकरणांबाबतही अशीच सावधगिरी शिकविली जाते. औष्णिक कॅमेरा ओल दाखवीत नाही, तापमानातील फरक दाखवितो. संशयित जागी आर्द्रतामापक लावून खात्री करावी लागते. भिंत ‘वाळली’ हे ठरविताना त्याच इमारतीतील न भिजलेल्या तशाच भिंतीचे मापन प्रमाण मानतात. रोजच्या नोंदी लिहून ठेवणे हाही कामाचाच भाग आहे, कारण विमा कंपनी यंत्रांचे भाडे त्या नोंदी पाहून मान्य करते.

पुढील टप्पे

एएसडी या पुढील वर्गास डब्ल्यूआरटी उत्तीर्ण होणे आवश्यक असते. येथे शाळेने बांधलेले घर खरोखरच पाण्याने भरतात आणि विद्यार्थ्यांकडून ते वाळवून घेतात. बुरशी निर्मूलनासाठी एएमआरटी हा वेगळा अभ्यासक्रम असून त्याचे मानक ‘एस-५२०’ आहे. प्रमाणपत्र टिकविण्यासाठी नूतनीकरण शुल्क व निरंतर शिक्षण आवश्यक असते.

मर्यादा

प्रमाणपत्र म्हणजे शासकीय परवाना नव्हे. टेक्सास, फ्लोरिडा, लुईझियाना, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांत बुरशी निर्मूलनासाठी राज्याचा वेगळा परवाना लागतो. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असण्याचा संभव असल्याने तेथे मोबदला घेऊन रंगवलेली भिंत फोडणाऱ्यास संघराज्याचे आणखी एक प्रशिक्षण घ्यावे लागते. शिवाय तीन दिवसांच्या वर्गाने हात तयार होत नाही. कोणता तक्ता वाचेल, जमिनीच्या कोणत्या कोपऱ्याखाली पाणी दडले असेल, हे अनुभवी सहकाऱ्याबरोबर अनेक घरे वाळविल्यावरच उमगते. परीक्षा हे मोजत नाही.