राखणीच्या पिलाचा कोरडा आहार

शेताच्या राखणीसाठी आणलेले पिलू पुष्कळदा नुसत्या भाकरीवर वाढविले जाते. भाकरीत कॅल्शियम अल्प व प्रथिने अपुरी असल्याने त्याची हाडे कमकुवत राहतात. तयार कोरडे खाद्य घ्यावयाचे झाल्यास पिशवीवरील मजकूर वाचावा व ते वाढत्या पिलांसाठी संपूर्ण आहार असल्याची खात्री करावी. ओलावा वगळता त्यात प्रथिने किमान २२.५ टक्के व स्निग्ध पदार्थ किमान ८.५ टक्के असावेत. मोठ्या जातीच्या पिलास कॅल्शियम १.८ टक्क्यांहून अधिक नसावे. अतिरेकाने हाडांत व्यंग येते. म्हणून अशा खाद्यात वरून कॅल्शियमची पूड घालू नये. जुन्या अन्नात नवे खाद्य वाढत्या प्रमाणात मिसळून ७ दिवसांत बदल पुरा करावा. ४ महिन्यांपर्यंत ते दिवसातून ३-४ वेळा विभागून द्यावे व शेजारी स्वच्छ पाणी सदैव ठेवावे.