कामावर जाताना बाळाचं दूध तुटू नये म्हणून

"दूध आटला गे बाय, आता डबो हाडूक व्हयो."

मालवण, वेंगुर्ला भागातल्या बौद्धवाड्यांत फिरताना हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकलं आहे. बोलणारी बहुतेक दीड-दोन महिन्यांची बाळंतीण असते. काजूच्या कारखान्यात, मासळी बाजारात नाहीतर तारकर्लीच्या एखाद्या हॉटेलात नुकतीच कामावर परत गेलेली. डबा महाग, म्हणून घरातली माणसं पावडर पुरवून पुरवून पातळ करून पाजतात. बाटली नीट उकळलेली नसते. मग बाळाला हगवण लागते, वजन उतरतं, आणि वाचवायला गेलेली मजुरी डॉक्टरकडे जाते.

भगिनींनो, दूध असं आपोआप आटत नाही. ते काढलं जात नाही म्हणून कमी होतं. स्तन जितके रिकामे होतील तितकं नवं दूध तयार होतं. दिवसभर भरलेले राहिले तर शरीर दूध बनवणं कमी करतं. म्हणून कामावर गेलं तरी दूध काढत राहायचं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं. पाणी, मध, घुटी काही नको, वैशाखातल्या उकाड्यातसुद्धा नको.

दूध कसं काढावं, कसं ठेवावं

कामावर जायच्या पंधरा दिवस आधीपासून सवय करा. हात साबणाने धुवा. झाकणाची स्टीलची वाटी आणि चमचा उकळून घ्या. अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे धरा. आधी छातीकडे दाबा, मग बोटं जवळ आणा, सोडा. बोंडी ओढू नका. पहिल्या दिवशी चार थेंब आले तरी घाबरू नका.

आपल्याकडच्या दमट हवेत हे दूध झाकून, सावलीत ठेवून चार तासांच्या आत पाजावं. फ्रीजमध्ये आत ठेवलं तर 24 तासांत वापरावं. स्वतःचा फ्रीज नसेल तर शेजारणीला विचारा, यात लाज कसली? दूध उकळू नये. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावं. बाटली नको, वाटी-चमच्याने पाजावं. उरलेलं पुन्हा ठेवू नये.

सकाळी निघताना पोटभर पाजा. मधल्या वेळेला काढलेलं दूध. जेवणाच्या सुट्टीत बाळाला कुणीतरी कामाच्या ठिकाणी आणावं. ते जमत नसेल तर सुट्टीत दूध काढा. ठेवायला जागा नसेल तर टाकून द्या, पण काढा. नाहीतर छातीत गाठ होते, ताप येतो. रात्री जास्त वेळा पाजा. बाळ दिवसातून सहा वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतं आहे असं समजा.

काजू फोडणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. टरफलातलं तेल कातडी जाळतं. घरी आल्यावर हाताला खोबरेल चोळून मग साबणाने धुवा, कपडे बदला, त्यानंतरच बाळाला घ्या.

हा हक्क आहे, मेहेरबानी नाही

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, बाळंतपणाच्या आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे पगारी रजा मिळते. परत आल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या आहेत. 50 कामगार असतील तर पाळणाघर हवं, आणि तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. "तू रोजंदारीवर आहेस" हे उत्तर चालत नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हे स्पष्ट केलं. म्हणून हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा.

मासळी विकणाऱ्या किंवा चार-पाच बायकांच्या कारखान्यात काम करणाऱ्या बहिणींना हा कायदा पोचत नाही, ही मोठी उणीव आहे. त्यांनी निदान मातृवंदना योजनेचा अर्ज भरावा. पहिल्या बाळाला 5000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6000. जातीचा दाखला, आधार, बँक पासबुक घेऊन अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना भेटा.

28 जुलै 1928 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेब गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी उभे राहिले होते. आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारने व मालकाने उचलावा, असं त्यांनी मांडलं. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. तो हक्क आपल्या वाडीतल्या बाळंतिणीला अजून मागावा लागतो. एकटीने मागितला तर काम जाईल ही भीती खरी आहे. म्हणून महिला मंडळाने चारजणींनी मिळून मालकाकडे जावं. आम्ही अशा वेळी सोबत येतो.

आणि सासूबाई, भावजी, बाळाचे बाबा, वाटी-चमचा तुम्हालाही धरता येतो. आजपासून शिका.

जय भीम.